आइसलँडचा नकाशा अर्धा करा

प्रश्न : आम्ही तिघं, म्हणजे मी (वय ५२), यजमान आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी, सप्टेंबरच्या शेवटी दहा रात्रींसाठी आइसलँडला जायचं म्हणतोय. गाडी भाड्याने घेऊन रिंग रोडने अख्ख्या बेटाला फेरी मारायची आणि नॉर्दर्न लाइट्स, जिवंत ज्वालामुखी, बर्फाची निळी गुहा, पफिन पक्षी असं सगळं बघायचं, असा बेत आहे. यजमान गाडी छान चालवतात, पण परदेशात कधी चालवलेली नाही. माझ्याकडे मिररलेस कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स आहे. १००-४००ची मोठी लेन्स विकत घ्यावी का? ड्रोन न्यावा का? खर्च मोठा आहे, पुन्हा जाणं होईल असं वाटत नाही, म्हणून विचारते.
(ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : ताई, सप्टेंबरचा शेवट निवडलात हे फार चांगलं केलंत. त्या दिवसांत सकाळी सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी साडेसातच्या आत मावळतो. भटकायला उजेड आणि नॉर्दर्न लाइट्ससाठी काळोख, दोन्ही पुरेसे मिळतात. जूनमध्ये तिथे धड रात्र होत नाही, आणि डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम चार-पाच तासांचा असतो. फोटो काढणाऱ्यासाठी याहून मोठा फायदा म्हणजे या दिवसांत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण २६ अंशच वर चढतो. मुंबई-ठाण्यात तो त्याच दिवशी ७० अंशांच्या आसपास, जवळजवळ माथ्यावर असतो. आपल्याला सकाळी आठ-सव्वाआठपर्यंत जो तिरपा, सावल्या लांबवणारा प्रकाश मिळतो, तो तिथे ढग नसले तर दिवसभर असतो. दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवायची आपली सवय तिथे सोडा.

बेत मात्र अर्धा करा. रिंग रोड सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. दहा रात्रींना भागलं तर रोजचे १३०-१४० किलोमीटर येतात आणि मुंबई-गोवा एका दमात करणाऱ्याला ते काहीच वाटत नाहीत. पण सप्टेंबरअखेरीस अटलांटिकची वादळं सुरू झालेली असतात. एखादा दिवस वाऱ्यामुळे रस्ता बंद, एखादा दिवस पावसाने चार हात पलीकडचं दिसत नाही. पूर्ण फेरीच्या बेतात रोज नवीन हॉटेल आगाऊ ठरलेलं असतं, त्यामुळे धबधबा धुक्यात असला तरी पुढे निघावंच लागतं. वारा चढलेला असतानाही माणसं गाडी हाकतात ती याच घाईने. 'पुन्हा जाणं होणार नाही' म्हणून सगळं कोंबायचा मोह मला कळतो. पण पुन्हा जाणार नसाल तर जे बघाल ते नीट बघता यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून फक्त दक्षिण किनारा धरा. पहिली रात्र राजधानी रेकजाविकला, प्रवासाचा शीण घालवायला. मग दोन रात्री थिंगवेटलिर राष्ट्रीय उद्यान, गेसिरचे गरम पाण्याचे फवारे आणि गुलफोस धबधबा या पट्ट्यात, तीन रात्री वीक गावाजवळ, तीन रात्री योकुल्सार्लोन या हिमनदीच्या सरोवराजवळ आणि शेवटची रात्र पुन्हा रेकजाविकला. रेकजाविक ते वीक १८७ किलोमीटर, तिथून योकुल्सार्लोन साधारण तेवढंच. लांबचा प्रवास म्हणावा असा दिवस फक्त परतीचा, पाचेक तासांचा. एकाच जागी तीन रात्री असल्या की हवा बिघडली तर बिघडू दे. सकाळी न दिसलेला धबधबा संध्याकाळी दिसतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी. उत्तरेकडचं मीवात्न सरोवर, देत्तिफोस धबधबा आणि व्हेलसाठी प्रसिद्ध असलेलं हूसाविक सुटेल, तेवढं सोडून द्या.

आता यादीतल्या चार गोष्टी. पफिन ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत समुद्रावर निघून गेलेले असतात, तेव्हा ते नाव आत्ताच खोडा. निळ्या नैसर्गिक गुहांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्याच्या उबेत आणि पावसात बर्फ आतून पोखरलेला असतो. ऑगस्ट २०२४मध्ये ब्रेइदामेरकुरयोकुल या हिमनदीवर गाइडसोबत गेलेल्या एका पर्यटकाचा बर्फाची भिंत कोसळून मृत्यू झाला. सप्टेंबरात कोणी गुहा दाखवतो म्हणालं तरी जाऊ नका. त्याऐवजी स्काफ्ताफेलला हिमनदीवर चालण्याची गाइडसह सहल घ्या. बुटांना लावायचे खिळे आणि हेल्मेट तेच देतात, बेताची फिटनेस असलेल्याला जमते, आणि बर्फाच्या भेगांतला निळा रंग तिथेही दिसतो. गाइडशिवाय हिमनदीवर पाऊल टाकायचं नाही, अगदी कडेकडेनेही नाही.

जिवंत ज्वालामुखीचं आरक्षण होत नाही. रेकजानेस द्वीपकल्प सुमारे ८०० वर्षं शांत होता. मार्च २०२१मध्ये फाग्रादाल्सफ्यात्ल जागा झाला आणि तेव्हापासून त्या भागात उद्रेकांची मालिकाच सुरू झाली. नोव्हेंबर २०२३मध्ये ग्रिन्दाविक हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं. एखादा उद्रेक काही दिवसांत आटोपतो, २०२१चा सहा महिने चालला होता. तुम्ही असताना झाला तर प्रशासन जिथून बघायला परवानगी देईल तिथूनच बघा. ताज्या लाव्ह्याचा पापुद्रा वरून काळा आणि टणक दिसतो, पण आत तो वाहता असू शकतो. शिवाय सल्फर डायऑक्साइडचा वायू वाऱ्याबरोबर कुठे वळेल याचा नेम नसतो.

उद्रेक नसेल तर हिरमुसू नका. वीककडे जाताना लान्देयाहोफ्न बंदरातून वेस्टमन बेटांवर फेरी जाते, पाऊणएक तासाचा प्रवास. तिथल्या हेइमाए बेटावर २३ जानेवारी १९७३च्या रात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटली. बेटावरच्या सुमारे पाच हजार माणसांना मासेमारीच्या बोटींतून रातोरात बाहेर काढलं. पुढचे कित्येक महिने लाव्हा पुढे सरकत राहिला आणि बंदर बुजू नये म्हणून लोकांनी त्याच्यावर समुद्राचं पाणी मारून तो थंड केला. बंदर वाचलं. राखेखाली गाडलेलं एक घर उकरून काढून त्याच्याभोवती एल्दहेइमार हे संग्रहालय उभारलं आहे. ज्वालामुखीशेजारी राहायचं म्हणजे काय, ते मला तिथे जितकं कळलं तितकं दुरून धूर बघून कळलं नाही. खवळलेल्या समुद्रात फेरी लांबच्या थोरलाक्सहोफ्न बंदरातून सोडतात, म्हणून तिकिटाच्या दिवशी सकाळी खात्री करून घ्या.

आणि आपण सह्याद्रीतली माणसं आहोत हे विसरू नका. आपल्या पायाखालचा काळा कातळही लाव्ह्याचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वीकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर बेसॉल्टचे जे उभे षटकोनी खांब जगभरचे लोक बघायला येतात, तसे खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत. जाण्याआधी मुलीला एकदा तिथे घेऊन जा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडत जातात, त्यातून हे खांब तयार होतात. तो कातळ इथे हात लावून बघितला असला की तिथे बघण्याची नजर वेगळी होते.

त्याच रेनिसफ्याराबद्दल थोडं लांबण लावून लिहिते, कारण सगळ्यात जास्त काळजी मला त्याची वाटते. वाळू कोळशासारखी काळी, समोर समुद्रात उभे सुळके, आणि लाटा शांत वाटाव्यात अशा येत असतात. पाच-सात लहान लाटा येऊन जातात आणि मग एक अशी येते की आधीच्या ओल्या रेषेच्या कितीतरी वर चढते. दक्षिणेकडून उघड्या अटलांटिकवर हजारो किलोमीटर धावत आलेली ती लाट असते आणि किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ एकदम खोल उतरत असल्याने तिचा जोर वाटेत कुठे मोडत नाही. परतताना ती पायाखालची वाळूच ओढून नेते, पाणी हाडं गोठवणारं, आणि जड कपड्यांत पोहता येत नाही. तिथे माणसं गेली आहेत; ऑगस्ट २०२५मध्ये एक लहान मुलगी गेली. कोकणातला पावसाळी दर्या पाहिलेल्या आपल्या लोकांना 'आम्हाला समुद्र नवा नाही' असं वाटतं, तो आत्मविश्वास इथे उपयोगाचा नाही. पार्किंगजवळ धोक्याचा दिवा आहे. तो लाल असेल तर खाली उतरायचंच नाही. एरवीही लाटेने भिजवलेल्या वाळूपासून बरंच मागे राहायचं आणि समुद्राकडे पाठ करायची नाही. फोटोसाठी पाठ वळवून उभं राहणारेच जास्त सापडतात. खांबांच्या पायथ्याशी असलेल्या गुहेत भरतीच्या वेळी अडकायला होतं. दिरहोलाएच्या उंच कड्यावरून हाच किनारा आणि हेच सुळके सुरक्षित दिसतात आणि फोटोही तिथून जास्त चांगला येतो, असं माझं ठाम मत आहे.

लेन्सचं आता. १००-४०० विकत घेऊ नका. पक्षी नाहीत, व्हेल नाहीत, मग दीड-दोन किलोचं ओझं वाऱ्यात सांभाळायचं कशाला? ५५-२१० किंवा ७०-३०० सारखी हलकी लेन्स पुरते. डोंगरांच्या एकामागे एक रांगा, सरोवरातला एखादा हिमखंड, लांबून टिपलेली लाट, एवढ्यासाठी तिचा उपयोग खूप होतो. पैसे घालायचेच असतील तर एका रुंद कोनाच्या, एफ २.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राच्या लेन्सवर घाला, कारण रात्रीच्या आकाशासाठी तुमची १८-५५ अपुरी पडेल. तीही विकत घेण्यापेक्षा मुंबईत भाड्याने मिळते. ट्रायपॉड भक्कम हवा. वाऱ्यात त्याचे पाय आखूड ठेवा आणि मधली दांडी वर काढू नका. खाली पिशवी टांगली तर ती झुलते आणि उलट कॅमेराच हलवते, म्हणून पिशवी जमिनीला टेकलेली असू द्या.

ड्रोन घरीच ठेवा. नोंदणीचे नियम आहेत, राष्ट्रीय उद्यानांत परवानगी लागते आणि तुम्ही जिथे जाणार आहात त्यातल्या बऱ्याच जागा उद्यानांतच येतात. वरून तो वारा.

धबधब्यांवर तुषारांशी झुंज असते. सेल्यालान्डस्फोसच्या मागून चालत जाता येतं. तोंड पश्चिमेकडे असल्याने मावळतीचं ऊन पाण्याच्या पडद्यातून आत येतं, म्हणून तिथे संध्याकाळी जा. पण दहा सेकंदांत लेन्सवर थेंब जमतात. मायक्रोफायबरची पाच-सहा फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवा. चौकट आधी ठरवा, लेन्सवर फडकं धरून उभ्या राहा, फडकं काढा, लागोपाठ चार-पाच फोटो घ्या, परत झाका. याचा सराव पावसाळा लागला की ताम्हिणीला किंवा माळशेजला करा, तिथे वारा आणि तुषार दोन्ही फुकट मिळतात. ६० मीटरच्या स्कोगाफोससमोर ऊन असेल तर सूर्य पाठीशी घ्या, इंद्रधनुष्य हमखास दिसतं. मुलीला लाल किंवा पिवळं जाकीट घ्यायला सांगा. त्या काळ्या-हिरव्या विस्तारात ती लहानशी दिसली की धबधब्याची उंची बघणाऱ्याला कळते.

योकुल्सार्लोनसाठी तीन रात्री का, असं तुमच्या मनात आलं असेल. सरोवरातले हिमखंड ओहोटीबरोबर समुद्रात वाहत जातात आणि लाटा त्यांचे तुकडे समोरच्या काळ्या वाळूवर आणून टाकतात. रोज वेगळे तुकडे, कधी एकही नाही. मुठीएवढ्यापासून गाडीएवढ्यापर्यंत. एखादा तुकडा जवळून बघा. आत बारीक हवेचे बुडबुडे दोऱ्यासारखे ओळीने अडकलेले दिसतात आणि मध्येच काळी रेघ गेलेली असते, ती कुठल्यातरी जुन्या उद्रेकाची राख. बर्फाच्या मागे उगवता सूर्य आला की अख्खा तुकडा आतून पेटतो. लाट मागे जाताना अर्ध्या ते एक सेकंदाचा शटर ठेवलात तर पाण्याच्या पांढऱ्या रेघा बर्फाभोवती उमटतात. ट्रायपॉड वाळूत दाबून रोवा, नाहीतर लाट ओसरताना तो खचतो. काळी वाळू दिसली की कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर थोडं कमी करा आणि हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख) बघत राहा. बर्फाच्या तुकड्यावर उभं राहून फोटो नको. आणि लाटांबद्दल वर जे लिहिलं ते इथेही तंतोतंत लागू आहे.

नॉर्दर्न लाइट्ससाठी केपी आकड्याच्या (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा ० ते ९ मधला आकडा) मागे लागू नका. लाइट्स ज्या पट्ट्यात उमटतात त्याच्या ऐन खाली आइसलँड येतं, तिथे केपी २-३लाही चांगलं दिसतं. खरा प्रश्न ढगांचा. तिथल्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ढगांचा नकाशा असतो, त्यात पांढरा भाग म्हणजे मोकळं आकाश आणि हिरवा म्हणजे ढग. संध्याकाळी तो बघून ठरवा. सेटिंग अशी: मॅन्युअल मोड, छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ १६०० ते ३२००, शटर ५ ते १५ सेकंद, फाइल रॉ. पट्टे जोरात हलत असतील तर शटर कमी करा, नाहीतर सगळं हिरवं पाणी होतं. फोकस ऑटोवर होणार नाही. स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवा आणि मग तिला हात लावू नका. डोळ्यांना सुरुवातीला नुसता राखाडी ढगासारखा पट्टा दिसेल, तो ढग की लाइट्स हे मोबाइलच्या नाइट मोडने लगेच कळतं. दोन-चार फोटो झाले की कॅमेरा सोडा आणि नुसत्या वर बघा. यजमानांनाही बघू द्या, त्यांना फ्लॅश धरून उभं करू नका. थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात. जास्तीच्या दोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर काचेवर बाष्प धरतं.

आता यजमानांसाठी. गाडी रस्त्याच्या उजवीकडून. गावात ताशी ५०, खडीवर ८०, डांबरी रस्त्यावर ९० ही मर्यादा, दिवसाही हेडलाइट चालू. दोन पदरी गोल चौकात आतल्या पदरातल्या गाडीला आधी बाहेर पडू द्यायचं. एकेरी पूल अनेक आहेत, तिथे जी गाडी पुलाजवळ आधी पोहोचते ती आधी जाते. शंका असली तर थांबा. डिसेंबर २०१८मध्ये अशाच एका पुलावरून पर्यटकांची गाडी खाली कोसळून तिघांचा जीव गेला. फोटोसाठी रस्त्यातच गाडी उभी करणं हा तिथला सगळ्यात मोठा वैताग आणि धोका आहे. रस्त्याला कडेची पट्टी जवळपास नसतेच, म्हणून पार्किंग दिसेपर्यंत थांबायचं नाही, दृश्य कितीही सुंदर असलं तरी. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे आणि दार उघडताना हाताने घट्ट धरायचं. वाऱ्याने दार उलटं मुरगळतं आणि ते नुकसान भाड्याच्या विम्यात सहसा धरत नाहीत. वाळू-राखेचा विमा मात्र घ्या. एफ अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर जाऊच नका. रोज निघण्याआधी सेफट्रॅव्हल या संकेतस्थळावर रस्ते आणि वारा बघायचा. संकटात ११२.

रस्ता सोडून गाडी घालायला कायद्याने बंदी आहे, दंड जबर आहे. तसंच शेवाळावर पाय देऊ नका. वीकच्या पुढे लाकी ज्वालामुखीच्या १७८३च्या लाव्ह्यावर वीतभर जाडीचं मऊ शेवाळ मैलोन्‌मैल पसरलेलं आहे. त्यावर उमटलेली पावलं भरून यायला कित्येक दशकं लागतात. एका फोटोसाठी हे करू नये असं मी हात जोडून सांगते.

बाकीचं थोडक्यात. छत्री नेऊ नका, वाऱ्यापुढे ती टिकत नाही. जीन्सही नको, भिजली की वाळत नाही. अंगालगत थर्मल, वर लोकर, सगळ्यात वर पाणी-वारा अडवणारं जाकीट आणि तशीच पँट. नळाचं गार पाणी उत्तम, बाटल्या विकत घेऊ नका. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, घाबरू नका. बाहेरचं जेवण फार महाग पडतं, म्हणून स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घ्या, बोनुस नावाच्या दुकानातून भाजी-पाव आणा आणि घरून भाजणी, मेतकूट, पोहे न्या. रोख पैसे जवळजवळ लागत नाहीत, पण पंपांवर माणूस नसतो आणि कार्डाचा पिन लागतो, तो पाठ असू द्या. पार्किंगचे पैसे त्याच दिवशी अ‍ॅपवर भरा. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि विसरलात तर गाडीवाल्या कंपनीमार्फत वाढीव बिल येतं. गावोगावी गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव आहेत, जरूर जा. पाण्यात उतरण्याआधी, स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या खोल्यांत, पूर्ण कपडे काढून साबणाने अंघोळ करावी लागते. हा तिथला पक्का नियम आहे, मुलीला आधी सांगून ठेवा.

व्हिसा शेंगेन, शुल्क माणशी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. गर्दीचा मोसम असल्याने जूनमध्येच वेळ घ्या. यजमानांचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढा, तो एक वर्ष चालतो. म्हणून तो अगदी आत्ता नको, जुलै-ऑगस्टमध्ये काढलात की पुरे. खोल्या मात्र आजच बघायला लागा. योकुल्सार्लोनच्या आसपास त्या मोजक्याच आहेत आणि सगळ्यात आधी भरतात.